ठकीच्या अंगाला वास येत होता, पण नेमका कुठून?

"ताई, हिला काय झालंय गं? वास मारतोय."

धाकटी बहीण बऱ्याच महिन्यांनी राहायला आली होती. ठकी जुन्या ओळखीने तिच्या मांडीवर चढली, गोल फिरून बसली आणि बहिणीने मान मागे घेतली. मला ते लागलं. अकरा वर्षं जिवापाड सांभाळलेलं मांजर, तिचं लिटर, म्हणजे शौचाच्या ट्रेमधली वाळू, मी दिवसातून दोनदा साफ करते, आणि हिला वास येतो म्हणे! मी ठकीला उचललं, तिच्या मानेत नाक खुपसलं. मला काहीही आलं नाही.

"तुला नाही येणार," बहीण म्हणाली. "तू रोज हिच्यासोबत आहेस. दोन तास बाहेर जाऊन ये आणि आल्या आल्या हुंग."

मी हट्टाने गेले. परत आले, चप्पल काढायच्या आधी वाकून ठकीला जवळ घेतलं आणि तेव्हा तो वास आला. जुन्या नाण्यांना येतो तसा काहीसा, त्याखाली कुजकट, ओलसर. दोन-तीन श्वासांत तो पुन्हा नाहीसा झाला, म्हणजे तो तिथेच होता, माझ्या नाकानेच त्याची नोंद घेणं सोडलं होतं. किती दिवस हा वास तिच्या अंगाला असेल आणि मी त्याच अंगात तोंड घालून झोपत असेन, या विचाराने त्या रात्री झोप लागली नाही.

मांजर पाळणाऱ्यांना वेगळं सांगायला नको, पण निरोगी मांजराच्या अंगाला जवळजवळ वास नसतो. जागेपणाचा मोठा वेळ ते स्वतःला चाटण्यात घालवतं. ठकीच्या मानेला तर उन्हात तापलेल्या सुती कापडासारखा एक वास असायचा, तो मला फार आवडायचा. तो कधी गेला हेही मला सांगता येत नव्हतं.

पुढचे चार-पाच दिवस मी जे केलं ते बहुतेक जण करतात, आणि म्हणूनच सविस्तर लिहिते. लिटर बदललं, ट्रे गरम पाण्याने घासून उन्हात ठेवला. तिची गादी, चादरी, सोफ्याची खोळ धुतली. मग तान्ह्या बाळांसाठीच्या सुगंधी ओल्या टिश्यूंनी ठकीला पुसून काढलं. ती तासभर फुलांसारखी दरवळली आणि संध्याकाळपर्यंत तोच वास परत. हे पुसणं चुकलंच. मांजराच्या अंगाला जे लावाल ते ती चाटणार, म्हणजे ते पोटात जाणार. त्यातच मांजराचं यकृत कितीतरी पदार्थ आपल्यासारखे निकामी करू शकत नाही. टी ट्री तेल आपण बिनधास्त वापरतो, मांजराला त्याची विषबाधा होते. कुत्र्यांच्या पिसवांवरच्या काही औषधांत परमेथ्रिन हे कीटकनाशक असतं, ते तर मांजराच्या जिवावर बेततं. माझ्या सुगंधी टिश्यूंनी ठकीला काही झालं नाही, पण वास झाकायचा प्रयत्न करण्यात ते दिवस वाया गेले हे मात्र खरं.

वास कुठून येतो हे शोधायचं कसं? अख्खं मांजर हुंगून काही कळेना. सगळीकडून थोडा थोडा येतोय असं वाटायचं, आणि तिसऱ्या श्वासाला नाक दमायचं. मग मी झाकणाच्या सहा छोट्या बरण्या घेतल्या, धुऊन कोरड्या केल्या. कापसाचा एकेक बोळा कोमट पाण्यात भिजवून घट्ट पिळला आणि ठकीच्या अंगावर एकेका जागी हलकेच फिरवला: दोन्ही कानांच्या बाहेरच्या पाळीत, हनुवटीखाली, पाठीवर, पुढच्या पायांवर, पोटावर, शेपटीखाली. प्रत्येक बोळा वेगळ्या बरणीत, झाकण लावून, वर चिठ्ठी. मग अर्धा तास बाहेर फिरून आले आणि एकेक बरणी उघडून हुंगली. दोन बरण्यांच्या मध्ये पुन्हा मोकळ्या हवेत. घरचे हसले नाहीत. माझा चेहरा पाहून नवऱ्याने स्वतःहून दुसरा हुंगणारा व्हायची तयारी दाखवली, आणि आम्ही एकमेकांना न सांगता आपापल्या कागदावर लिहिलं.

दोघांचंही उत्तर सारखंच आलं. कानांच्या बरणीत काही नाही. पाठ, पोट – पुसट. हनुवटी – जोरात. पुढचे पाय – त्याहून जोरात. शेपटीखालच्या बरणीत वेगळाच वास, मासळीसारखा, तीव्र.

पायांचं कोडं सुटेना. पंजे मी उजेडात धरून पाहिले. नखांमध्ये जखम नाही, गाठ नाही. फक्त पायांच्या आतल्या बाजूचे पांढरे केस थोडे पिवळट-तपकिरी आणि चिकट झाले होते. वहीत ते तसंच लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी ठकीला पिंजऱ्यात घालून दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी माझी वही मन लावून वाचली, आणि त्याबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे. पहिला प्रश्न विचारला: "वास कसा? गोडसर की अमोनियासारखा?" पिकलेल्या फळासारखा किंवा नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा गोड वास तोंडाला आला तर मधुमेह हाताबाहेर गेल्याची शंका घेतात, आणि ते तातडीचं असतं. लघवीसारखा, अमोनियाचा वास तोंडाला आला तर मूत्रपिंडं तपासायची. ठकीचा वास यांपैकी कुठलाच वाटत नव्हता, तरी माझ्या नाकावर विसंबून राहायचं नाही असं त्या म्हणाल्या.

मग कान. दुर्बिणीतून दोन्ही आत पाहिले. कानात माइट, म्हणजे अगदी बारीक किडे, झाले की भुकटीसारखा काळा मळ साचतो आणि बुरशी वाढली की आंबूस वास येतो, पण ठकीचे कान स्वच्छ होते. मग त्यांनी सगळ्या अंगावरून केसांच्या उलट्या दिशेने बोटं फिरवली, विशेषतः मानेवर, गालांवर आणि शेपटीच्या मुळाशी. दुसऱ्या मांजराचा चावा वरून दोन-तीन दिवसांत बुजतो आणि आत पू साचत राहतो. गळू फुटलं की जो वास सुटतो तो विसरता येत नाही, असं त्या सांगत होत्या. बाहेर जाणाऱ्या मांजरांत वासाचं हे अगदी नेहमीचं कारण. ठकी घराबाहेर जात नाही, पण त्यांनी तपासायचं सोडलं नाही.

शेवटी शेपटी उचलली. गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना, घड्याळात चार आणि आठ वाजतात त्या जागी, आत वाटाण्याएवढ्या दोन पिशव्या असतात. मांजर शौचाला बसलं की त्या आपोआप थोड्या रिकाम्या होतात. घाबरलं तर एकदम होतात. ठकीची डावी पिशवी भरून टणक झाली होती. डॉक्टरांनी हातमोजा चढवून ती दाबली आणि खोलीभर सडक्या मासळीचा दर्प पसरला. दाट, करड्या रंगाचा तो पदार्थ कापसावर पाहून माझ्या जिवात जीव आला. सापडलं! हाच तो वास! शेपटीखालची बरणी बरोबर होती.

डॉक्टर तेवढ्या खूश नव्हत्या. त्यांनी ठकीचा ओठ वर करायचा प्रयत्न केला. ठकीने डावा ओठ उचलू दिला, उजव्या बाजूला बोट जाताच गुरगुरून मान झटकली. "इथे काहीतरी आहे," त्या म्हणाल्या. "वरवर लाल दिसतंय. नीट बघायचं तर भूल द्यावी लागेल. वय अकरा आहे, आधी रक्त तपासू." मी म्हटलं, आधी चार दिवस पाहते. पिशवी रिकामी झाली होती, कारण सापडलं होतं, आणि भूल या शब्दाची मला धास्ती होती. त्यांनी आग्रह धरला नाही, पण निघताना म्हणाल्या, "शेपटीखालचा वास हनुवटीला कसा जाईल, एवढा विचार करा."

चौथ्या दिवशी मी पुन्हा बरण्या मांडल्या. शेपटीखालच्या बरणीत काही नव्हतं. हनुवटी आणि पाय मात्र जसेच्या तसे.

वास दोन होते. एक सापडला म्हणून मी दुसऱ्याकडे पाठ फिरवली होती.

आणि मग पायांचं कोडंही सुटलं, तेही डॉक्टरांकडे नाही, तर घरात. दुपारी ठकी खिडकीत बसून अंग साफ करत होती. ती पंजा चाटते, ओल्या पंजाने तोंड पुसते, मग पुन्हा पंजा, मग खांदा, मग पाठ. मी कितीदा पाहिलं असेल हे! पण त्या दिवशी पाहताना कळलं की मांजर स्वतःला लाळेने धुतं. तोंडात कुजत असेल तर तीच लाळ अंगभर लागणार, आणि सगळ्यांत जास्त लागणार ती पुढच्या पायांवर. ते पिवळट चिकट केस म्हणजे वाळलेली लाळ होती. आम्ही ठकीला पुसून स्वच्छ करत होतो आणि ती बिचारी तिच्या रीतीने स्वच्छ होत होती, आजारी तोंडाने.

मग एकेक गोष्ट आठवायला लागली. कोरड्या खाण्याचे दाणे ती हल्ली न चावता गिळायची, आणि एखादा दाणा तोंडातून पडला तर तो सोडून द्यायची. डोकं डावीकडे कलवून खायची, मला वाटायचं लाडात येते. जांभई अर्धवट. आणि स्वयंपाकघराच्या दाराची चौकट. मांजरं गाल घासतात त्या कोपऱ्यावर तेलकट तपकिरी डाग पडतो. आमच्या चौकटीवर जमिनीपासून वीतभर उंचीवर तो कायम असायचा. मी मध्ये कधीतरी तो पुसला होता आणि तो पुन्हा उमटलाच नव्हता. ठकीने गाल घासणं सोडलं होतं, आणि मला चौकट स्वच्छ राहते याचंच बरं वाटत होतं. मांजर दुखणं लपवतं हे ऐकून होते. पण खरं तर तिने काही लपवलं नव्हतं, सगळं माझ्या डोळ्यांसमोरच चाललं होतं.

दुसऱ्याच दिवशी रक्त दिलं, लघवी दिली. रिपोर्ट यायला एक रात्र गेली आणि ती फार लांब होती, कारण म्हाताऱ्या मांजरांत मूत्रपिंडाचा आजार फार दिसतो आणि तोंडाला वास येण्याचं तेही एक कारण. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडं रक्तातून गाळून टाकतात तो टाकाऊ पदार्थ, १.५ आलं, मर्यादेत. लघवीची घनता १.०४२. मांजराच्या लघवीत ती १.०३५ च्या वर असली म्हणजे मूत्रपिंडं पाणी राखून लघवी दाट करू शकताहेत, असं डॉक्टरांनी समजावलं. साखर ठीक, थायरॉइड ठीक, रक्तदाब ठीक. भूल देता येईल.

भुलीच्या दिवसाबद्दल फार लिहीत नाही. सकाळी उपाशी नेलं, शिरेत सुई लावली, मी बाहेर बसले. तासाभराने डॉक्टरांनी मला आत बोलावून एक्स-रे दाखवला, आणि तो मात्र सांगायलाच हवा.

मोठ्या मांजराला तीस दात असतात. खालच्या जबड्यात सुळ्यामागे थोडी मोकळी जागा असते आणि मग पहिली दाढ येते. ठकीची उजवीकडची ती दाढ वरून पाहिली तर हिरडीच्या कडेला एक लालभडक ठिपका, बस. हिरडीच त्या दातावर चढल्यासारखी दिसत होती. एक्स-रेमध्ये मात्र निरोगी दाढ भरीव पांढरी दिसते आणि ही दाढ वाळवी लागलेल्या लाकडासारखी, मधूनच करडी, पोखरलेली. तिच्या एका मुळाची कड जबड्याच्या हाडापासून वेगळी ओळखू येत नव्हती. मांजरांत दात असा आतून विरघळत जातो. शरीराच्याच पेशी तो खातात. हे का सुरू होतं याचं पक्कं उत्तर अजून कुणाकडे नाही, पण मध्यम वयापुढच्या मांजरांत ते सर्रास दिसतं आणि ही खालची पहिली दाढ बऱ्याचदा त्यात सापडते. ही आपल्यासारखी कीड नव्हे, म्हणून भरताही येत नाही. वरून दिसतो तो ठिपका, बाकी सगळं हिरडीखाली. एक्स-रेशिवाय फक्त दात साफ करून तिला घरी पाठवलं असतं, तर ठणका तसाच राहिला असता.

त्या दाढेमागच्या दाढेलाही तेच, आणि वरच्या एका दाढेच्या मुळाशी हिरडी सुटून पू. लाळेला जो वास होता तो मुख्यतः या पुवाचा. एकूण तीन दाढा काढल्या, हिरड्या विरघळणाऱ्या टाक्यांनी शिवल्या, बाकीच्या दातांवरचं कीटण काढलं. मला भीती होती की आता ही खाणार कशी. डॉक्टर म्हणाल्या, "दुखऱ्या दाताने ती खातच नव्हती. नसलेला दात दुखत नाही."

त्यांनी बजावलेल्या दोन गोष्टी मी इथे ठळकपणे लिहिते. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या मांजराला कधीही द्यायच्या नाहीत. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा जीव घेऊ शकते. आणि मांजर दोन दिवस काहीच खात नसेल तर वाट पाहायची नाही, कारण उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साचते आणि ते वेगळंच संकट होतं.

पहिल्या रात्री ठकी भिंतीकडे तोंड करून बसली, डोळे मोठे, लाळेत गुलाबी रेष. मी जमिनीवर तिच्याशेजारी अंथरूण घातलं. पहाटे मऊ, ओलं खाणं कोमट करून बशीत ठेवलं. तिने हुंगलं, चाटलं, थांबली. जीभ आत घेऊन काहीतरी तपासल्यासारखं केलं, आणि मग सगळी बशी संपवली, डोकं न कलवता. मला रडू आलं.

वास लगेच गेला नाही, आणि यामुळे घाबरू नये म्हणून सांगते. वाळलेली लाळ केसांत होतीच. मी रोज साध्या कोमट पाण्यात भिजवलेल्या मऊ फडक्याने तिचे पुढचे पाय आणि हनुवटी पुसत होते, सुगंधी काही नाही. सहाव्या दिवशी बरणीत पुसट वास. दहाव्या दिवशी बहिणीला मुद्दाम बोलावलं, कारण आता माझ्या नाकावर माझा विश्वास नव्हता. तिने दारातच ठकीला उचललं, मानेत तोंड घातलं, तसंच ठेवलं आणि फक्त मान हलवली: नाही.

बाराव्या दिवशी ठकी स्वयंपाकघराच्या चौकटीपाशी थांबली आणि उजवा गाल घासला. मग डावा. मग पुन्हा उजवा, डोळे मिटून, जोरात.

आता मी तिचे दात घासते. मांजरांसाठीची पेस्ट असते, तीच वापरायची. माणसांच्या पेस्टमधलं फ्लोराइड आणि फेस ती थुंकू शकत नाही, गिळते. पहिले दोन आठवडे फक्त बोटावर पेस्ट चाटवली, मग बोटाला कापड गुंडाळून डाव्या बाजूला, मग छोटा ब्रश. डावी बाजू ती आठ-दहा सेकंद करू देते. उजवीकडे अजून ओठाला हात लावू देत नाही, आणि मी घाई करत नाही. हा आजार एका दाताला झाला की दुसऱ्यांना होण्याची शक्यता असते, म्हणून सहा महिन्यांनी तपासणी आणि गरज वाटली तर पुन्हा एक्स-रे असं ठरलंय.

दर रविवारी सहा बोळे, सहा बरण्या. परवाची नोंद अशी: कान – काही नाही. हनुवटी – काही नाही. पुढचे पाय – काही नाही, केस पांढरे. पाठ, पोट – काही नाही. शेपटीखाली – किंचित, मासळीसारखा. शुक्रवारी डॉक्टरांना दाखवायचं, डावी पिशवी पुन्हा भरलीय का ते पाहायला.